बेसबॉलमध्ये लोक इतकं काय बघतात?

कवडसा
मंडळी, क्रिकेटवर इथे धाग्यांना तोटा नाही, पण बेसबॉलवर नीट चर्चा झालेली दिसत नाही. म्हणून हा धागा.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये (तिथली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) एकेक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. सामना अडीच-तीन तासांचा आणि निकाल कितीदा तरी २-१ नाहीतर ३-२. सहा महिने जवळजवळ रोज हेच. तरी लोक बघतात, रेडिओवर ऐकतात, आकडे तोंडपाठ ठेवतात. जपान, क्युबा, कोरिया, तैवान, डॉमिनिकन रिपब्लिक, सगळीकडे तेच. दीडशेहून जास्त वर्षं ही ओढ टिकली कशी?

माझं मत: या खेळाला घड्याळ नाही, हेच त्याचं बळ. समोरच्याचे २७ जण बाद केल्याशिवाय जिंकता येत नाही. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात आठ धावांनी मागे असलेल्या संघालाही दार उघडंच असतं.

दुसरा प्रश्न: १८३९ साली ॲबनर डबलडेने कूपर्सटाउन गावात हा खेळ शोधला म्हणतात. त्यात तथ्य किती?

हडसनकाठ
दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. तथ्य शून्य.

१९०५ साली खेळाचा उगम शोधायला ए. जी. मिल्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यामागे होते अल्बर्ट स्पॉल्डिंग, एकेकाळचे नामी पिचर (चेंडू टाकणारे) आणि नंतर क्रीडासाहित्याचे बडे व्यापारी. खेळ अस्सल अमेरिकन ठरावा अशी त्यांची इच्छा होती. ॲबनर ग्रेव्हज नावाच्या एका म्हाताऱ्या खाण-अभियंत्याच्या पत्रावर भिस्त ठेवून समितीने डबलडेचं नाव जाहीर केलं. प्रत्यक्षात १८३९ साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. थोर खेळाडूंचा गौरव करणारं हॉल ऑफ फेम मात्र १९३९ साली कूपर्सटाउनलाच उघडलं. त्यात डबलडेला आजही जागा नाही.

खरा इतिहास असा: इंग्लंडहून आलेले पोरांचे चेंडू-फळीचे खेळ गावोगाव वेगवेगळ्या नियमांनी चालत. १८४५ साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने नियम लिहून काढले. त्यातला एक मला सगळ्यात मोलाचा वाटतो: पळणाऱ्याच्या अंगावर चेंडू मारायचा नाही. त्याआधी आपल्या आबाधुबीसारखा चेंडू अंगावर बसला की माणूस बाद. चेंडू माणसाला मारायचा असेल तोवर तो मऊच ठेवावा लागतो. मारणं बंद झालं आणि चेंडू टणक करता आला. टणक चेंडू लांब जाऊ लागला, मैदान वाढलं, आणि मोठ्या माणसांनाही त्यात कस लागायला लागला.

या नियमांनी १९ जून १८४६ रोजी होबोकेनच्या एलिशियन फील्ड्सवर झालेला सामना प्रसिद्ध आहे. निकरबॉकर मंडळी स्वतःच्याच नियमांनी खेळून २३-१ अशी हरली. तेव्हा २१ धावांचा सामना असे. नऊ डाव आणि दोन बेसमधलं (धाव पूर्ण करायला ओळीने गाठायच्या ठाण्यांमधलं) ९० फुटांचं अंतर १८५७ साली ठरलं.

चौथी स्लिप
हडसनकाठ, उत्तम माहिती. कवडसा यांचं घड्याळाचं कारण मात्र पटत नाही. टेनिसला कुठे घड्याळ आहे? आणि घड्याळ नसणं हेच बळ असतं तर अमेरिकेत क्रिकेट मेलं नसतं. क्रिकेटचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८४४ साली न्यूयॉर्कला झाला, अमेरिका विरुद्ध कॅनडा. म्हणजे निकरबॉकर नियमांच्याही आधी!

क्रिकेट मागे पडायची कारणं जमिनीवरची आहेत. त्याला राखलेली खेळपट्टी लागते. बेसबॉलला कुठलंही कुरण चालतं, चेंडूचा टप्पाच पडत नाही ना. क्रिकेटमध्ये लवकर बाद झालेला माणूस दिवसभर बसून. बेसबॉलमध्ये तीन बाद झाले की पाळी बदलते आणि प्रत्येकाला सामन्यात चार-पाच वेळा बॅट मिळते. १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात छावण्यांमधून हा खेळ सैनिकांबरोबर देशभर गेला. छावणीत खेळपट्टी कोण राखणार?

आणि बेसबॉलचा पाया घालणारे कितीतरी जण क्रिकेटचेच. हॅरी राइट शेफील्डला जन्मलेले, वडील क्रिकेटचे व्यावसायिक खेळाडू. त्यांनीच १८६९ साली सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा पहिला उघडपणे पगारी संघ उभा केला. तो संघ त्या वर्षी एकही सामना हरला नाही.

गोटू
टप्पाच नाही, खेळपट्टी नाही, स्विंगला धाव घेणं नाही. मग बिचारा पिचर करतो काय? सगळे फुलटॉसच ना?

भिंगरी
गोटूराव, फुलटॉस खरेच, पण ते मारून दाखवणं हे क्रीडाविश्वातल्या सगळ्यात अवघड कामांपैकी आहे.

पिचरची पट्टी होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ते ठाणं; धावही इथेच पूर्ण होते) ६० फूट ६ इंचांवर. हात पुढे येतो, म्हणून चेंडू सुटतो तो साधारण ५५ फुटांवरून. ताशी ९५ मैलांचा, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटरचा चेंडू तेवढं अंतर ०.४ सेकंदात कापतो. बॅट गोल, जास्तीत जास्त २.६१ इंच जाड. दोन गोल वस्तूंची गाठ पडायची, त्यामुळे पाव इंचाची चूक झाली तरी लाइन ड्राइव्हचा (सपाट, जोरदार फटक्याचा) उंच झेल होतो.

टप्पा नसल्याने सगळं काम शिवण आणि फिरकी करतात. मुख्य चेंडू असे:

फोर-सीम फास्टबॉल. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या नालाच्या आकाराला आडवी, अंगठा खाली, तळहात आणि चेंडूत फट. सुटताना बोटांनी मागे ओढल्याने उलटी फिरकी मिळते. हवा चेंडूला उचलून धरते आणि तो बॅटरच्या अंदाजापेक्षा कमी खाली येतो. चेंडू तळहाताला टेकला की ही फिरकी मरते.

कर्व्हबॉल. याची फिरकी पुढच्या दिशेने, म्हणून तो नुसत्या गुरुत्वाकर्षणाने पडेल त्याहून जास्त पडतो. बोटं चेंडूच्या वरून पुढे न येता बाजूने घसरली की तो कमरेच्या उंचीवर लोंबकळत राहतो. तो हमखास होम रनचा चेंडू.

चेंजअप. हाताचा वेग फास्टबॉलचाच, पण चेंडू पंजात खोल धरलेला. वेग ताशी ८ ते १० मैलांनी कमी. इथली नेहमीची चूक म्हणजे चेंडू हळू टाकायचा म्हणून हातच हळू आणणं. चांगल्या बॅटरला ते तत्काळ दिसतं.

नकलबॉल. याला जवळजवळ फिरकीच नसते. शिवण कधी इकडे येते कधी तिकडे, आणि चेंडू वाटेत डुगडुगतो. तो पकडायला कॅचर (बॅटरमागचा यष्टिरक्षकासारखा खेळाडू) मोठा ग्लोव्ह वापरतात.

आता यात काउंट मिसळा, म्हणजे त्या बॅटरचे आधी बॉल, मग स्ट्राइक: चार बॉल झाले की पहिला बेस फुकट, तीन स्ट्राइक झाल्या की बाद. ०-२ असताना पिचर मुद्दाम स्ट्राइक झोनच्या (प्लेटवरची, साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतची जागा) बाहेर टाकून फसवू शकतो. ३-१ झालं की त्याला झोनमध्ये यावंच लागतं, आणि बॅटर आपल्या आवडीच्या एकाच जागेची वाट बघतो. प्रत्येक चेंडूनंतर दोघांचं पारडं हलतं. चेंडूंच्या मधल्या ज्या वेळात काही घडत नाही असं वाटतं, त्यात हेच चाललेलं असतं.

पायरी
भिंगरी, +१. पण माझ्या लेखी खरी जादू त्या ९० फुटांत आहे.

शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) सरळ ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) गेला तर तो उचलून पहिल्या बेसकडे फेकायला चार सेकंदांच्या आसपास लागतात. होमहून पहिल्या बेसला धावायला चांगल्या खेळाडूला ४.२ ते ४.४ सेकंद. चेंडू हातात जरा अडखळला की माणूस सेफ, म्हणजे बाद नाही. अंतर ८५ फूट असतं तर सगळे सेफ, ९५ असतं तर सगळे बाद.

बेस चोरीचंही (पिचर चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठणं) गणित बघा. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जायला साधारण १.३ सेकंद. तिथून उठून दुसऱ्या बेसवर फेकायला, सुमारे १२७ फूट, आणखी २ सेकंद. एकूण ३.३. पहिल्या बेसपासून दहा-बारा फूट पुढे सरकून उभा असलेला वेगवान धावपटू जवळपास तेवढ्याच वेळात पोचतो. म्हणून पिचरचा पाय किती उंच उचलला जातो यावर चोरी ठरते. धावपटू पिचरच्या चेहऱ्याकडे बघत नाही, टाचेकडे बघतो. उजव्या हाताच्या पिचरची मागची टाच पट्टीवरून सुटली तर तो पहिल्या बेसकडे वळतोय, पुढची उचलली तर चेंडू होमकडे.

निळाई
कवडसा, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: सामना लिहीत बघा. बेसबॉल हा लिहिता येणारा खेळ आहे. एका पानावर उतरवलेला सामना पन्नास वर्षांनी कुणीही चेंडू-खेळाडूसकट वाचू शकतो. हेन्री चॅडविक या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पत्रकाराने एकोणिसाव्या शतकात ही पद्धत रुळवली. ते आधी क्रिकेटचं वार्तांकन करत.

पद्धत सोपी आहे. क्षेत्ररक्षकांना अंक: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. कागदावर आडव्या ओळीत बॅटर, उभ्या रकान्यात डाव. प्रत्येक चौकोनात एक छोटा हिरा. त्याचं खालचं टोक होम, उजवं पहिला बेस, वरचं दुसरा, डावं तिसरा. माणूस जेवढा पुढे सरकला तेवढी रेघ. धाव पूर्ण झाली की हिरा रंगवायचा.

एक अर्धा डाव लिहून दाखवते. पहिल्याने शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडर मारला आणि पहिल्या बेसवर बाद झाला: ६-३, गोलात १ (पहिला बाद). दुसऱ्याला चार बॉल मिळाले: बीबी (बेस ऑन बॉल्स), पहिल्या बेसपर्यंत रेघ. त्याने दुसरा बेस चोरला: वरच्या टोकापर्यंत रेघ, बाजूला एसबी (स्टोलन बेस). तिसऱ्याचा उंच फटका मधल्याने झेलला: एफ८ (एफ म्हणजे फ्लाय, उंच झेल), गोलात २. झेल होईपर्यंत बेसला पाय लावून थांबलेला धावपटू तिसऱ्यावर गेला: रेघ डाव्या टोकापर्यंत. चौथा बॅट न फिरवता तिसऱ्या स्ट्राइकवर बाद: उलटा के (के म्हणजे स्ट्राइकआऊट), गोलात ३. बॅट फिरवून चुकला असता तर सरळ के. डावाखाली तिरपी रेघ. धाव नाही, पण तिसऱ्या बेसवर अडकलेला माणूस कागदावर दिसतोच.

नवशिक्यांच्या तीन चुका सांगते. एक, बदली खेळाडूसाठी ओळीत जागा न ठेवणं. प्रत्येक नावाखाली दोन रिकाम्या रेघा हव्यातच. दुसरी, खेळाडू कुठे उभा आहे ते बघून अंक देणं. शॉर्टस्टॉप सरकून दुसऱ्या बेसमागे उभा राहिला तरी तो ६च. तिसरी, कॅचरच्या हातून निसटलेली तिसरी स्ट्राइक. पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन बाद झालेले असतील तर बॅटर पळू शकतो. तो सेफ झाला तरी पिचरच्या खात्यात के लिहायचाच. त्यामुळेच एका डावात चार स्ट्राइकआऊट होऊ शकतात.

सामना संपल्यावर ताळा करायचा. एका संघाच्या बॅटिंगला आलेल्या एकूण पाळ्या = त्यांच्या धावा + बेसवर अडकलेले + बाद झालेले. आकडा जुळला नाही तर कुठेतरी एक पाळी सुटली आहे.

गोटू
ताई, दंडवत! हा ताळा फारच आवडला. पुढचा सामना कागद-पेन्सिल घेऊनच बघणार.

चौथी स्लिप
पेन्सिलच घ्या गोटूराव, पेन नको. अधिकृत स्कोअरर हिट (मारून मिळवलेला बेस) की एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) हा निर्णय नंतरही बदलतो.

कातळ
निळाई, प्रतिसाद सुंदरच. पण नोंदींचं कौतुक करताना त्या नोंदींतून कोण वगळलं गेलं तेही सांगायला हवं.

१८८० च्या दशकापासून कृष्णवर्णीय खेळाडूंना बड्या लीगची दारं बंद झाली. लेखी नियम नव्हता, मालकांचं संगनमत होतं. १९२० साली रूब फॉस्टरने कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीगची स्थापना केली. तिथे आणि त्यानंतरच्या अशा लीगमध्ये सॅचेल पेज, जॉश गिब्सन यांच्यासारखे अव्वल खेळाडू घडले. त्यांच्या सामन्यांच्या नोंदी तुटक राहिल्या, कारण लिहिणारे आणि छापणारे कमी. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला तेव्हा ही भिंत फुटली. त्याचा ४२ हा क्रमांक १९९७ पासून सगळ्याच संघांनी राखून ठेवला आहे.

जुन्या वर्तमानपत्रांतले बॉक्स स्कोअर (सामन्याचे तक्ते) एकेक करून गोळा करत अभ्यासकांनी ते आकडे उभे केले, आणि २०२४ साली मेजर लीगने ते अधिकृत विक्रमांत घेतले. त्यामुळे कारकिर्दीच्या बॅटिंग सरासरीत (हिट मिळवण्याचं प्रमाण) टाय कॉबला मागे टाकून गिब्सन .३७२ ने पहिला आला. ज्या कागदाने अन्याय झाकला त्याच कागदाने तो थोडा तरी भरून निघाला. गिब्सन मात्र जानेवारी १९४७ मध्येच गेला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. रॉबिन्सनचा तो पहिला सामनाही त्याला बघता आला नाही.

निळाई
कातळ, पूर्ण सहमत. हे माझ्या प्रतिसादात यायला हवं होतं.

गोटू
एक शंका. इनफिल्ड फ्लाय नावाचा नियम आहे ना, त्यात झेल सुटला तरी माणूस बाद कसा?

पायरी
कारण झेल मुद्दाम सोडण्यात फायदा आहे. समजा पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू आहेत आणि चेंडू आतल्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावर उंच उडाला. झेल होईल म्हणून दोघे बेस धरून उभे. क्षेत्ररक्षकाने चेंडू खाली पडू दिला तर दोघांना पळावंच लागतं आणि आरामात दोन बाद मिळतात. म्हणून पहिला-दुसरा किंवा तिन्ही बेस भरलेले, दोनपेक्षा कमी बाद, आणि साध्या प्रयत्नात घेता येईल असा झेल असेल, तर पंच हात वर करून बॅटरला लगेच बाद देतात. लाइन ड्राइव्ह आणि बंटला (बॅट न फिरवता चेंडू हलकेच थोपवणं) हा नियम नाही. धावपटू पळू शकतात, स्वतःच्या जबाबदारीवर.

चौथी स्लिप
कवडसा, आता तुमच्या घड्याळावर येतो. २०२३ पासून घड्याळ आलंय! बेस रिकामे असताना पिचरला १५ सेकंद, धावपटू असताना आधी २० आणि २०२४ पासून १८. बॅटरने ८ सेकंद उरेपर्यंत तयार हवं. पिचर चुकला तर एक बॉल, बॅटर चुकला तर एक स्ट्राइक. सामने सरासरी चोवीसेक मिनिटांनी आटोपशीर झाले. खेळ मेला का? उलट जिवंत झाला.

भिंगरी
वेळ वाचला हे मान्य. पण नवव्या डावात तिन्ही बेस भरलेले, काउंट ३-२, आणि पिचर सेकंद मोजत चेंडू टाकतोय हे मला रुचत नाही. तो ताण ताणायलाच हवा.

तरी नियम बदलणं नवं नाही. १९६८ साली पिचर इतके वरचढ झाले की पिचर बॉब गिब्सनने मोसमभर दर नऊ डावांमागे आपल्या माथी लागलेल्या धावांची सरासरी १.१२ राखली आणि अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) बॅटिंग सरासरीत .३०० च्या वर एकच बॅटर राहिला, कार्ल यास्ट्रझेम्स्की, .३०१. लगेच १९६९ ला पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला आणि स्ट्राइक झोन लहान केला. पारडं एका बाजूला झुकलं की सारखं करायचं, हे दीडशे वर्षं चाललंय. टिकण्याचं एक कारण हेही.

पायरी
घड्याळ आलं त्या २०२३ सालीच बेसही १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले. त्याने पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी घटलं. शिवाय एका बॅटरमागे पिचरला दोनदाच पट्टीवरून पाय काढून धावपटूला रोखता येतं. तिसऱ्यांदा रोखायला गेला आणि तो बाद झाला नाही तर त्याला पुढचा बेस मिळतो. चोऱ्या एकदम वाढल्या त्या यामुळे.

गोटू
चेंडूबद्दल कुणी बोललंच नाही. क्रिकेटसारखा जुना होऊ देतात का?

कातळ
मुळीच नाही. आत कॉर्क आणि रबराचा गाभा, त्यावर घट्ट गुंडाळलेलं लोकरीचं सूत, वर गायीच्या कातड्याचे इंग्रजी आठच्या आकाराचे दोन तुकडे, आणि हाताने घातलेले १०८ दुहेरी टाके. वजन ५ ते सव्वापाच औंस, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडं हलकं. कोरा चेंडू गुळगुळीत असतो, हातातून निसटतो. म्हणून सामन्याआधी प्रत्येक चेंडूला न्यू जर्सीतल्या नदीकाठचा खास चिखल चोळतात. थोडासाच घ्यायचा, कातड्याचा तुकतुकीतपणा गेला पाहिजे पण रंग काळवंडता कामा नये.

मळका किंवा खरचटलेला चेंडू पंच ताबडतोब बदलतात. पूर्वी तसं नव्हतं. ऑगस्ट १९२० मध्ये रे चॅपमनच्या डोक्याला कार्ल मेजचा चेंडू लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. संध्याकाळचा उजेड आणि मळका चेंडू, त्याला तो दिसलाच नसावा. त्यानंतर स्वच्छ चेंडूंचा आग्रह वाढला. थुंकी लावायला त्याच मोसमापासून बंदी आली होती. बेब रूथच्या होम रनच्या काळाला या दोन्हींचा हातभार लागला.

हडसनकाठ
जपानबद्दल थोडं. होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने १८७२ साली टोकियोतल्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला. शालेय स्पर्धा १९१५ पासून, कोशिएन मैदानावर १९२४ पासून. बाद पद्धतीची स्पर्धा, एक पराभव आणि घरी. हरलेली मुलं मैदानातली माती पिशवीत भरून नेतात. म्हणजे १६२ सामन्यांची सवय हेच ओढीचं कारण म्हणता येत नाही. एकाच सामन्यावर सगळं असलं तरी खेळ तितकाच पकडतो. २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याचा शेवटचा चेंडू आठवा: जपानला ३-२ ची आघाडी, काउंटही ३-२, जपानच्या ओहतानीचा स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) आणि अमेरिकेच्या ट्राउटची हवेत फिरलेली बॅट.

कवडसा
सगळ्यांचे आभार. चौथी स्लिप आणि भिंगरी, घड्याळावरचं माझं म्हणणं आता असं: चेंडूंच्या मध्ये घड्याळ आलं तरी आघाडी घेऊन वेळ काढता येत नाही, शेवटचा माणूस बाद करावाच लागतो. तेवढं मी सोडत नाही.

दोन व्यावहारिक प्रश्न. भारतातून बघायचं तर वेळ कोणती? आणि निळाई, धावपटू दोन बेसच्या मध्ये सापडला आणि चेंडू इकडून तिकडे फेकला जातो ते कसं लिहायचं?

चौथी स्लिप
न्यूयॉर्क-बोस्टनचा संध्याकाळी ७:०५ चा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे ४:३५ ला. लॉस एंजेलिसचा ७:१० चा सकाळी ७:४० ला, तो चहाबरोबर सोयीचा. सुरुवातीला धावफलकाकडे बघू नका, कॅचरच्या ग्लोव्हकडे बघा. मागितलेल्या जागेवरून ग्लोव्ह फार हलवावा लागत असेल तर पिचरचा ताबा सुटतोय, आणि दोनेक डावांत बदली पिचर येणार.

निळाई
ज्या क्रमाने चेंडू हातोहात गेला त्या क्रमाने अंक लिहायचे. पिचरने पहिल्या बेसकडे फेकला, तिथून शॉर्टस्टॉपकडे, परत पहिल्याकडे आणि त्याने टॅग केलं (चेंडू हातात धरून धावपटूला लावला): १-३-६-३. शेवटच्याला पुटआऊट (बाद केल्याचं श्रेय), आधीच्यांना असिस्ट (मदतीचं श्रेय). एकाच खेळाडूच्या हातून चेंडू कितीदाही गेला तरी त्या एका बादमागे त्याला असिस्ट एकच. आणि हे लिहायचं ते धावपटूच्या चौकोनात, ज्या दोन बेसच्या मध्ये तो सापडला त्या रेघेवर. बॅटिंग करणाऱ्याच्या चौकोनात लिहिलंत तर शेवटी ताळा जुळणार नाही.